मधल्या फटी

‘माझं’ म्हणजे नक्की काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांना हिमालयात पडतो म्हणतात. मला तो लॉस एंजेलिसजवळ जावयाच्या गॅरेजमध्ये पडला. अमेरिकेत गॅरेज ही मोटार सोडून बाकी सगळं ठेवायची जागा असते. आमच्या जावईबापूंच्या गॅरेजमध्ये मात्र मोटारी आहेत, चांगल्या वीस-बावीस. फक्त त्यांतली एकही धड वीतभर नाही. खऱ्या गाडीच्या एकास पंचवीस मापाची ही प्लॅस्टिकची मॉडेलं. लग्नाआधी ‘मुलाला काही व्यसन?’ असं आम्ही विचारलं होतं. तेव्हा प्लॅस्टिकच्या चाकांचा उल्लेख कुणीच केला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही गेलो तेव्हा तिथे एक ‘हॉट रॉड’ घडत होती, तीही उरलेल्या सुट्या भागांतून. हे भाग उरतात कसे? एएमटी या अमेरिकन कंपनीने १९५८ साली ‘एकात तीन’ असे संच काढले. एकाच खोक्यातून गाडी कारखान्यातून निघते तशी साधी जोडा, नटवून जोडा, नाहीतर शर्यतीसाठी जोडा. सांगाडा मात्र एकच! म्हणजे काहीही जोडलं तरी उरलेल्या दोन अवतारांची चाकं-बंपर शिल्लक राहणारच. लग्नघरच्या बुंदीसारखे हे भाग टाकवत नाहीत आणि संपतही नाहीत.

हॉट रॉडची कथाही अशीच. १९३०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं फोर्डच्या जुन्या गाड्या स्वस्तात घ्यायची, मडगार्ड उतरवायची, भंगारात मिळेल ते बसवायची आणि कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर सुसाट सोडायची. १९३२च्या फोर्डला व्ही-८ इंजिन आलं आणि ती या मंडळींची लाडकी झाली. पुढे महायुद्ध संपलं. लढाऊ विमानांच्या पोटाखाली लावायच्या पेट्रोलच्या टाक्या शिल्लक राहिल्या. १९४६ साली बिल बर्क नावाच्या गृहस्थाने तसल्या एका टाकीचीच शर्यतीची गाडी केली. युद्धाघरची बुंदी ही अशी कामी आली.

तेव्हा हॉट रॉडचा संच विकत आणून, सूचनापत्रक समोर धरून जोडणं म्हणजे रीतसर अर्ज करून बंड पुकारण्यासारखं आहे. गाडी दिसायला हुबेहूब, पण वागणूक सरकारी! खरी हॉट रॉड उरल्यासुरल्यातूनच व्हायची.

अडचण एवढीच, की हे भाग एकमेकांसाठी जन्मलेले नसतात. छप्पर बारीक करवतीने कापून खाली आणलं, की पुढचे खांब जुळतात तेव्हा मागचे जुळत नाहीत. चकचकीत क्रोमच्या भागाला ग्लू धरत नाही. जोडाच्या जागी क्रोम खरवडून काढावं लागतं. हे ऐकून आमची ही म्हणाली, “संसाराचंही हेच आहे बाई. दोघांनी थोडं थोडं खरवडायचं.” लेक म्हणाली, “यांनी अजून सुरुवात केलेली नाही.” खरवडलं, की ग्लू दोन्हीकडचं प्लॅस्टिक किंचित वितळवतो आणि ते एकजीव होतं. तरी फटी राहतातच. त्यांत पुट्टी, म्हणजे आपल्या रंगाऱ्यांची लांबी, भरायची, वाळू द्यायची, घासायची, पुन्हा भरायची. एकच फट तीन संध्याकाळी घासताना मी जावईबापूंना पाहिलं आहे.

एका रविवारी त्यांचे एक स्नेही आले. गाडी डोळ्यांशी नेऊन म्हणाले, “पण यात तुझं काय आहे रे? सगळा माल दुसऱ्यांच्या कारखान्यातला!”

जावईबापू रागावले नाहीत. एकेका भागावर बोट ठेवून सांगत गेले. इंजिन या खोक्यातलं, चाकं त्या खोक्यातली, दिवे शेजारच्या पोराने अर्धवट सोडलेल्या ट्रकचे.

“मग तुझं काय?”

“मधल्या फटी माझ्या.”

मला एकदम थीसियसचं गलबत आठवलं. अथेन्सवाल्यांनी ते जपलं, कुजेल ती फळी बदलत गेले, आणि गलबत तेच की दुसरं यावर तत्त्वज्ञ भांडत बसले, असं प्लुटार्कने लिहिलं आहे. १६५५ साली थॉमस हॉब्जने त्यात आणखी एक काडी टाकली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून पुन्हा त्याच क्रमाने जोडल्या, तर खरं गलबत कोणतं? सगळं भांडण फळ्यांचं. फटी कुणी बुजवल्या, याची चौकशी नाही. फळ्या कितीही अस्सल असोत, फटी उघड्या राहिल्या तर गलबत तळाला!

मग मी स्वतःची मोजदाद केली. नाक आजीचं. संताप वडिलांचा. काटकसर आईची. अक्षर एका गुरुजींच्या छडीचं. राजकारणावरची मतं सकाळच्या वर्तमानपत्रातली, ती दुपारपर्यंत माझी होतात. अस्सल माझं असं काही सापडेना. पण वडिलांचा संताप आणि आईची काटकसर एकाच माणसात बसवायची, तर मध्ये केवढी फट राहते! ती मी जन्मभर घासतो आहे. ती मात्र निखालस माझी.

धोका आहे तो रंगाचा. करडा प्रायमर आणि वर लाल रंग बसला, की एकही जोड दिसत नाही. गाडीला हे शोभतं. माणूस मात्र रंगाखालचं विसरला, की ‘मी शून्यातून उभा राहिलो’ अशी भाषणं ठोकू लागतो. शून्यातून काही उभं राहत नाही हो, निदान एकास पंचवीस मापात तरी नाही. कुणाचं काय घेतलं ते न सांगता ‘माझं’ म्हणणं ही चोरी. आणि सगळं सांगून ‘यात माझं काहीच नाही’ म्हणणं हा खोटा विनय. ज्याला दोन्ही याद्या पाठ आहेत, त्याने खुशाल ‘माझं’ म्हणावं.

स्नेह्यांना हे पटलं नाही. निघताना मात्र ते दाराशी घुटमळले. “तो जादा बंपर टाकणार असशील, तर...”

“घेऊन जा,” जावईबापू म्हणाले. “मात्र कुणी विचारलं, तर कुठून आणला ते सांगायचं.”