फुकट लागू पडत नाही

रेकीचं शिबिर घेणाऱ्या एका बाईंच्या त्या ध्वनिफितीवर लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. पेण-रोह्यातल्या एकाही व्हॉट्सअॅप गटाने ती सोडलेली नाही, त्यामुळे पैशांवरून विचारणाऱ्या ताईला बाईंनी दिलेलं उत्तर आता सगळ्यांना पाठ आहे. त्यांचं नाव घ्यायची मला गरज वाटत नाही, कारण त्या एकट्या नाहीत. पण या आठवड्यात जो भेटला तो भलत्याच गोष्टीवर चिडलेला. कोणी म्हणालं, बोलणं किती उर्मट! कोणी म्हणालं, बापरे, एवढे पैसे? बोलण्याचं मला काही नाही आणि पैशांचंही फारसं नाही. मुंबई-गोवा महामार्ग यंदा पूर्ण होणार या आशेवर लोकांनी त्याहून जास्त पेट्रोल जाळलंय. माझं डोकं फिरलं ते एका वाक्याने, आणि तेही किती गोड आवाजात म्हटलेलं! "ताई, मी फुकटसुद्धा करीन हो, पण फुकट घेतलेलं पेशंटला लागू पडत नाही."

बाकीच्या सबबी आहेतच. क्वांटम आहे, 'औषधं बंद करा असं आम्ही कधीच म्हणत नाही' आहे, 'अनुभव घेऊन बघा' आहे. या वापरून वापरून गुळगुळीत झाल्यात, त्यांना हात लावायचाही कंटाळा येतो. ही मात्र नवी कोरी वाटते, आणि किती सोयीची! पैसे मागणारा इथे स्वतःच्या गरजेसाठी मागतच नाही, देणाऱ्याच्या भल्यासाठी मागतो. नाही म्हणायचं, वर उपकारही करायचे. आमच्या बाजारपेठेतल्या किराणा दुकानदारांनी आयुष्यभर 'आज रोख, उद्या उधार'च्या पाट्या लावल्या. 'उधारीचा गूळ पचत नाही' असं लिहायचं एकालाही सुचलं नाही. सुचलं असतं तर तेही आज रेकीचे ग्रँडमास्टर झाले असते.

(ग्रँडमास्टरचं काय ते एकदाच सांगून टाकते. नागपूरची दिव्या देशमुख बुद्धिबळात ग्रँडमास्टर झाली ती जुलै २०२५ मध्ये, बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकून, अंतिम फेरीत हंपीला हरवून. आमच्याकडे शनिवार-रविवार सभागृहात सतरंजीवर बसलं की होता येतं. चहा-नाश्त्यासह.)

तर, फुकट लागू पडत नाही. हे तत्त्वज्ञान बाईंनी स्वतः शोधलेलं नाही, त्यालाही परंपरा आहे. रेकी, म्हणजे हातांतून ऊर्जा देऊन बरं करण्याची ही पद्धत, जपानची. मिकाओ उसुई नावाच्या गृहस्थांनी कुरामा डोंगरावर उपवास केला आणि १९२२ साली ही पद्धत सुरू केली. ती जपानबाहेर नेली हवायो ताकाता या हवाईतल्या बाईंनी, १९३७च्या सुमाराला. शिष्यांना त्या एक गोष्ट सांगत. उसुईंनी म्हणे क्योटोच्या भिकाऱ्यांवर फुकट उपचार केले. भिकारी बरे झाले, कामधंद्याला लागले आणि काही दिवसांनी परत भीक मागायला येऊन बसले. म्हणून उसुईंनी ठरवलं की फुकट दिलेल्याची किंमत राहत नाही. ताकाताबाईंनी ही किंमत पुढे चांगलीच राखली. त्यांच्या हाताखाली मास्टर व्हायचं तर दहा हजार डॉलर मोजावे लागत. १९८०मध्ये त्या वारल्या तोवर असे बावीस मास्टर तयार झाले होते. हिशेब ज्याने त्याने करावा.

आता गोष्ट आहे तशीच घेऊ. त्यात भिकारी फुकटात बरे झाले आहेत! शरीर ठणठणीत, कामावरसुद्धा गेले. म्हणजे ज्या कथेच्या आधारे 'फुकट लागू पडत नाही' असं सांगितलं जातं, त्याच कथेत ते लागू पडलेलं आहे. त्यांना काम नको झालं, ही तक्रार वेगळी. तिच्यावर जगात अजून कोणालाच उपचार सापडलेला नाही, नाहीतर तलाठी कार्यालयात आधी तोच केला असता. आजारी माणसाने पैसे मोजले नाहीत म्हणून ताप उतरला नाही, असं त्या गोष्टीत कुठेच नाही. पण बाईंना कोणी विचारलं नाही, आणि ताकाताबाईंनाही कोणी विचारलं नसावं.

हाच नियम सगळीकडे लावून बघा. आमच्या खारेपाटात नि डोंगरातल्या वाड्यांवर आशाताई पोलिओचे दोन थेंब घेऊन चालत गेल्या. ज्या पोरांच्या तोंडात ते पडले त्यांच्या आयांनी दमडी दिली नाही. उलट काहींनी दार लावून घेतलं, काही शिव्या देत होत्या. रेकीवाल्यांच्या भाषेत ऊर्जेची देवाणघेवाण शून्य. तरी देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११चा, आणि मार्च २०१४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्याला पोलिओमुक्त म्हटलं. थेंबांना कोणी सांगितलंच नव्हतं की हा फुकट घेणारा आहे, याला लागू पडू नका.

आणि हे सांगायचं कुठे, तर पेणमध्ये! पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली विनोबा जन्मले. त्यांनी पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग केला, म्हणजे पैशाशिवाय जगून बघितलं, आणि १९५१पासून देशभर पायी फिरून लोकांच्या जमिनी फुकट मागितल्या. रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले, जन्म १९२०. त्यांचे स्वाध्यायी भक्तिफेरीला जातात ते स्वतःच्या खर्चाने, स्वतःची शिदोरी घेऊन. दोघांशीही माझे मतभेद आहेत, आणि भूदानातल्या कित्येक जमिनी कशा निघाल्या ते सगळ्यांना माहीत आहे. पण हातात काही न घेता दिलेलं लागू पडत नाही, हे त्या दोघांच्या तालुक्यांत येऊन सांगायचं म्हणजे धीट माणूस हवा.

पण मला विनोबांपर्यंत जायची गरजच नव्हती. आपले विंचू उतरवणारे आठवा. रायगडात असं गाव नसेल जिथे एकेकाळी विंचवाचा मंत्र असलेला एक तरी माणूस नव्हता. त्यांचा नियम बरोबर उलटा होता. पैसा घेतला की मंत्राचा गुण जातो. पैसा नाही, नारळ नाही, चहासुद्धा नाही, आणि बोलावणं आलं की ताटावरून उठायचं. काविळीचं औषध देणारी घराणी असत, त्यांचंही तेच. पिढीजात गुण सांभाळायचा तर हात कोरडा ठेवायचा. आजोबांचा मंत्र पैसे घेतल्याने जायचा, नातवाची ऊर्जा पैसे न घेतल्याने जाते. निसर्गनियम तीन पिढ्यांत एवढा फिरला, आणि फिरला तो नेमका नातवाच्या खिशाच्या दिशेने.

त्या आजोबांचे गोडवे गायचे नाहीयेत मला. मंत्राने विंचू उतरायचा कारण बहुतेक दंशांच्या वेदना काही तासांत आपोआप कमी होतात. पण कोकणातला लाल विंचू चावला आणि विष हृदयावर गेलं की पोर घामाने थबथबायचं, हातपाय गार पडायचे, फुफ्फुसात पाणी भरायचं, आणि ओट्यावर मंत्र चालू असतानाच ते जायचं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६च्या आसपास बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात होते. त्यांनी ही पोरं रात्र रात्र बसून पाहिली, एकेकाच्या नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी वापरून पाहिली. अत्यवस्थ रुग्णांतले शंभरात तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एक-दोनवर आलं. मग त्यांनी ती रीत स्वतःच्या नावाने पेटंट करून ठेवली नाही, 'लॅन्सेट'मध्ये छापून जगासमोर मांडली. कोणत्याही डॉक्टरने ती वापरावी. रेकीसारखं लेव्हल वन, लेव्हल टू नाही. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कायद्याचं म्हणाल तर तोही गमतीदार आहे. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या दाभोलकरांचा खून झाला तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. योग्यच आहे. म्हणजे पैसे न घेणारा वाडीवरचा भगत कायद्याच्या कक्षेत आला. वातानुकूलित सभागृहातली ऊर्जा त्या शब्दांत बसत नाही. १९५४चा एक जुना कायदा आहे, जादूच्या उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा. त्याच्या यादीत मधुमेह, कर्करोग, पक्षाघात अशी चोपन्न दुखणी आहेत. एसटी स्थानकासमोर शिबिराच्या ज्या फलकाने निम्मा रस्ता अडवलाय, त्यावर त्यातली किती आहेत ते जाता-येता मोजून बघा. फलक लावायला परवानगी लागते, हा माझा जुना मुद्दा. तो मी मेल्यावरच सुटेल.

परीक्षा घेऊन बघू म्हणावं, तर तीही झालेली आहे. रेकीची चुलत बहीण शोभेल अशी थेराप्युटिक टच नावाची पद्धत अमेरिकेत नर्सेसमध्ये चालते. हात न लावता दुसऱ्याचं ऊर्जाक्षेत्र जाणवतं म्हणतात. एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या पोरीने शाळेच्या प्रकल्पासाठी एक पडदा उभा केला, उपचारकांना त्यातून दोन्ही हात बाहेर काढायला सांगितले आणि नाणं उडवून एका हातावर आपला हात धरला. माझा हात कुठल्या हातावर आहे ते सांगा, एवढंच. एकवीस जणांनी २८० वेळा उत्तर दिलं, त्यातली १२३ बरोबर आली. डोळे मिटून अंदाज केला असता तर १४० यायला हवी होती. १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने ते छापलं. आता बाई म्हणतील, परीक्षा फुकट दिली ना, मग कशी येणार ऊर्जा?

खरं सांगायचं तर लोक तिथे का जातात ते मला कळतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टर मान वर करीपर्यंत पुढचा नंबर येतो. खासगीत मान वर होते, पण मॉनिटरकडे. इथे कोणीतरी तासभर बसतं, खांद्यावर हात ठेवतं, सासूचं ऐकतं, झोप का लागत नाही ते विचारतं. याचे पैसे घ्यावेत की! ऐकणं हे कष्टाचं काम आहे, मला तर जमतच नाही. तासाचा दर लावा, 'मी ऐकते' अशी पाटी लावा. मी स्वतः चार गिऱ्हाइकं पाठवीन. फक्त पैसे ऐकण्याचे घेतले असं म्हणा, आणि पावती द्या.

पावतीवर मी अडून बसते, हे घरच्यांना माहीत आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख ज्या रोह्यात वाढले, तिथल्या माणसाने तरी पावतीशिवाय पैसे देऊ नयेत, असं मला वाटतं. यावर पेणकर मला काय ऐकवतील तेही ठाऊक आहे. २०१०मध्ये पेण अर्बन बँक बुडाली तेव्हा त्यांच्याकडे ठेवींच्या पावत्या होत्या, शिक्क्यांसकट. तेव्हा या मुद्द्यावर मी फार ताणत नाही.

पण निदान रीत तरी देवाकडून शिका. रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला दसऱ्यानंतर पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते, एवढा त्यांचा मान. पण नवस कोणत्याही देवाचा घ्या, तो बोलायचा आधी आणि फेडायचा काम झाल्यावर. नाही झालं तर नारळ घरीच राहतो. देव आगाऊ घेत नाही, त्याला कधी फुकट लागू न पडण्याची भीती वाटलेली नाही. ज्याला स्वतःच्या ऊर्जेवर एवढा भरवसा आहे त्याने गुण आल्यावर पैसे घ्यावेत. दुप्पट घ्यावेत.

हे सगळं मी आमच्या शेजारणीला सांगितलं. तिने शिबिराचे पैसे भरलेत, पूर्ण. म्हणाली, तुझं सगळं पटतं गं, पण मला झोप लागायला लागली. झोप लागली म्हटल्यावर मी काय बोलणार? पावती मागितलीस का, एवढंच विचारलं. मागितली म्हणाली. मॅडमनी सांगितलं, कागदावर उतरवलं की ऊर्जा अडकते.