बारशाची पंगत

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की वलगाव येतं आणि वलगावला पेढी नदी. डिसेंबरात तिच्या पात्रात पाणी थोडं आणि बेशरमाची झाडी फार. आजूबाजूच्या वावरांत तूर शेंगांनी लवलेली, कापसाची वेचणी चालू. याच पेढीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ ला, आजारी अवस्थेत अमरावतीला नेत असताना, गाडगेबाबा वाटेतच गेले. पंढरपूर, नाशिक, मुंबईत परक्यांच्या मुक्कामासाठी धर्मशाळा बांधणाऱ्या माणसाचा शेवटचा मुक्काम रस्त्यावर पडला.

बाबांचं नाव निघालं की आपल्याला खराटा आठवतो. सरकारलाही तोच आठवला आणि २००० साली ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावानं सुरू झालं. खराट्याची स्पर्धा घेता येते, पहिल्या येणाऱ्या गावाला बक्षीस देता येतं. पण बाबांच्या कीर्तनात कचऱ्याइतकीच दारू होती आणि दारूइतकंच कर्ज होतं. ते दोन विषय शासनाच्या हाताला तितके सहज लागले नाहीत. लागणार तरी कसे? दारूचा पैसा शासनाच्याच तिजोरीत येतो.

बाबांना हा विषय पुस्तकातून कळला नव्हता. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या देबूचे, म्हणजे बाबांचेच, वडील झिंगराजी दारूपायी संपले, तेव्हा पोर आठेक वर्षांचं होतं. चरित्रकारांनी या व्यसनाची सुरुवात कुठे झाली तेही सांगितलं आहे. देवाला नैवेद्य म्हणून, भाऊबंदांच्या जेवणाला रीत म्हणून, पाहुण्याला मान म्हणून दारू आली आणि राहिली. झिंगराजी भट्टीवर गेले त्याच्या आधी भट्टी त्यांच्या पंगतीत येऊन बसली होती. पुढे आई पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला भावाकडे आली. तिथे मामाचं शेत गेलं. या वेळी गुंता बाटलीचा नव्हता, सावकाराच्या वहीचा होता. एकाच मुलानं दोन घरं बुडताना पाहिली. म्हणून त्याच्या कीर्तनात दारू आणि कर्ज एकाच दमात येत.

पुढचा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. देबूजीला मुलगी झाली. बारशाला जातभाईंना मटण आणि दारू घालायची हा रिवाज. न घालणं म्हणजे बिरादरीचा अपमान. देबूजीनं पान मांडलं, त्यावर बुंदीचे लाडू वाढले. मंडळी चिडली. पण त्यानं काय केलं आणि काय टाळलं हे बघण्यासारखं आहे. त्यानं बारसं रद्द केलं नाही, दारूच्या दुष्परिणामांवर भाषण देऊन लोकांना उपाशी घरी पाठवलं नाही. पंगत घातली, पोटभर घातली. पंगतीतला फक्त एक पदार्थ बदलला आणि त्याबद्दलचा राग स्वतःच्या अंगावर घेतला.

दारूविषयीचं आपलं सार्वजनिक भांडण मात्र बाटलीभोवतीच फिरतं. ती विकू द्यायची की नाही, एवढाच प्रश्न. हे भांडण जुनं आहे. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आणला. ‘आब’ म्हणजे पाणी, पण या खात्याच्या पाण्यावर महसूल पिकत होता. दोनच वर्षांनी पुणे नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ४७ व्या कलमानं राज्याला मादक पेयांच्या बंदीकडे जायला सांगितलं, आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही आपल्या राज्यात, नाव बदलून का होईना, लागू आहे.

म्हणजे कागदावर आपण दारूबंदीच्या राज्यात राहतो. प्यायची असेल तर परवाना लागतो. एका दिवसाचा देशीसाठी २ रुपयांना, विदेशीसाठी ५ रुपयांना. हा परवाना कशासाठी मिळतो? आरोग्य राखण्यासाठी! जी गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९८८ सालीच कर्करोगाला कारण ठरणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातली, ती आपल्याकडे तब्येतीच्या नावाखाली मंजूर होते. या चिटोऱ्याला मी नुसता विनोद म्हणत नाही. नीतीला बंदी हवी आणि तिजोरीला विक्री हवी, तेव्हा दोघींनी मिळून काढलेली ती पळवाट आहे. १० जून २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयात दारूवरचं शुल्क वाढलं, ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा धान्यापासूनच्या दारूचा नवा प्रकार आला आणि वर्षाला १४,००० कोटींची जादा भर अपेक्षिली गेली. शुल्क वाढवणं वाईट नाही. दारू महागली की पिणं घटतं, हे जगभरच्या संशोधनात पुन्हापुन्हा दिसलं आहे. पण त्याच निर्णयात महाग विदेशीच्या खाली एक स्वस्त पायरीही बांधून दिली. एका हातानं किंमत वाढवायची आणि दुसऱ्या हातानं गिऱ्हाईक धरून ठेवायचं, अशी ही कसरत.

मग सरळ बंदीच का करू नये? आमच्या शेजारी हा प्रयोग तीन जिल्ह्यांत झाला. वर्धा सत्तरच्या दशकापासून, गडचिरोली १९९३ पासून आणि चंद्रपूर १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदीत. चंद्रपूरची बंदी २०२१ साली उठली. बंदीला हसणारे सांगतात की वर्ध्यात पाहिजे तेवढी मिळते, मोहा सडव्याचे ड्रम झुडपात सापडतात. ते खोटं नाही. बिहारमध्ये २०१६ च्या बंदीनंतर २०२२ च्या डिसेंबरात सारण जिल्ह्यात विषारी दारूनं सत्तरहून अधिक माणसं मेली. पण त्याच बिहारबद्दल २०२४ मध्ये लॅन्सेटच्या दक्षिण-पूर्व आशिया आवृत्तीत आलेला अभ्यास म्हणतो की बंदीमुळे नियमित पिणाऱ्या पुरुषांची संख्या सुमारे २४ लाखांनी कमी राहिली आणि बायकांवरच्या नवऱ्याच्या हिंसेची सुमारे २१ लाख प्रकरणं टळली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. बंदीची किंमत मेलेल्यांच्या यादीत दिसते. तिचा फायदा न झालेल्या मारहाणीत असतो, आणि न झालेल्या गोष्टीचा पंचनामा होत नाही. ‘बंदी फसली’ हे वाक्य म्हणूनच मला घाईचं वाटतं, आणि ‘बंदी हाच उपाय’ हेही.

राज्यानं गावाच्या हाती दिलेला एक मार्ग म्हणजे आडवी बाटली. २००८ च्या नियमांप्रमाणे गावातल्या २५ टक्के मतदारांनी किंवा महिला मतदारांनी सह्या केल्या की मतदान होतं. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. आडवीला निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद. पण निम्मी म्हणजे पडलेल्या मतांची नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांची. म्हणजे जी बाई त्या दिवशी वेचणीला गेली, माहेरी होती किंवा मेली तरी यादीत राहिली, ती सगळी उभ्या बाटलीच्या खात्यात. सरपंच निवडताना आपण असा हिशोब करत नाही. इथे मात्र घरी न परतलेली मजूर बाईही दुकानदाराच्या बाजूनं मोजली जाते. ज्या गावांत बायांनी तरीही बाटली आडवी केली, तिथे मोजणी होईपर्यंत शाळेच्या ओट्यावर ताटकळत बसून राहणं त्यांना घर सांभाळून जमलं, हे मला कायद्यापेक्षा मोठं वाटतं.

आणि दुकान बंद झालं तरी पिणारा माणूस तसाच उरतो. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. त्यात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५.७ कोटींना मदतीची गरज आहे, असं निघालं. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमध्ये कशीबशी काही मदत मिळते ती एकाला. उरलेल्या ३७ जणांविषयी आपल्या विधिमंडळात किती वेळा चर्चा होते? परवान्यांवर होते, महसुलावर होते.

मदत म्हणजे तरी काय? पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यामागे उभे राहिले. व्यसनी माणसाला रुग्ण मानायचं, गुन्हेगार नाही, ही गोष्ट मराठी घरात तिथून रुजली. गोव्यात दारू स्वस्त आहे आणि बंदीचा प्रश्नच नाही. तिथे ‘संगात’ संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. वैद्यकीय पदवी नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलायचं. २०१७ साली लॅन्सेटमध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी धोक्याच्या पिण्यातून बाहेर आलेले बोलणी झालेल्यांत ३६ टक्के, नुसत्या नेहमीच्या उपचारात २६ टक्के. शंभरात दहा माणसं जास्त. जे पीतच राहिले त्यांच्या पिण्याचं प्रमाण घटलं नाही, हेही संशोधकांनी लपवलं नाही. चमत्कार नाही, पण चार वेळा शेजारी बसून कुणी नीट बोललं की दहा घरांत फरक पडतो. गाडगेबाबाही कीर्तनात समोरच्याला प्रश्न विचारत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढत. त्यांच्याकडेही पदवी नव्हती.

आमच्या भागात दारू आणखी एका कागदावर येते. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की २००६ पासून कुटुंबाला एक लाखाची मदत ठरते. आधी समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. ‘व्यसनाधीन होता’ हा शेरा इथल्या कितीतरी घरांनी वाचला आहे. तो खोटाच असतो असं मी म्हणत नाही. पण तो शेरा पडला की चौकशी थांबते. सोयाबीनचा भाव, सावकाराची वही, बँकेचं दार, सगळं त्या एका शब्दाच्या मागे जातं. शेंडगावच्या पोरानं बापाकडे पाहून दारू शिवी म्हणून वापरली नाही. ती त्याला घरात शिरलेली आग दिसली, आणि मामाच्या शेतात तीच आग दुसऱ्या वाटेनं शिरलेली दिसली.

म्हणून कायदा हवा, महाग दारू हवी, तालुक्याला चार शहाणे समुपदेशक हवेत. हे सगळं सरकारकडे मागायलाच हवं. पण बारशाची पंगत सरकारच्या हातात नाही. पोळ्याच्या करीला, लग्नाच्या वरातीत, निवडणुकीच्या आदल्या रात्री अजूनही तेच वाक्य ऐकू येतं: “पोट्टीचं बारसं हाये, अन् तू नाई म्हनतं?” या वाक्यापुढे सोडू पाहणारा माणूस एकटा पडतो आणि मुक्तांगणातून आलेला माणूससुद्धा घसरतो. तुमच्या घरी पुढचं कार्य निघेल तेव्हा एवढंच करा: नाही म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. त्याच्या पानावर लाडू वाढा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा.