दान, देणे आणि काला



दान या विषयावर मी चाळीस वर्षे निरूपण केले. व्यासपीठावरून 'द्या' म्हणणे सोपे असते. सांगणाऱ्याला काही घ्यायचे नसते आणि घेणारा समोर बसलेला असला तरी तो बोलत नाही. घेणाऱ्याच्या बाजूने दान कसे दिसते, हे मला सत्तरीच्या उंबरठ्यावर, तेही परमुलखात, कळले.

२०१९ च्या जानेवारीत मी न्यू जर्सीला मुलीकडे होतो. खर्चाची मंजुरी अडल्यामुळे अमेरिकेच्या सरकारातील अनेक खाती २२ डिसेंबर २०१८ पासून बंद होती. त्या देशाची भूदल, नौदल, हवाईदल आणि मरीन ही चार दले तेव्हा संरक्षण खात्याकडे होती, आणि त्या खात्याचा खर्च आधीच मंजूर झालेला होता. तेव्हाचे पाचवे दल तटरक्षकांचे. ते अंतर्गत सुरक्षेच्या खात्याकडे येते आणि त्याचा पैसा अडला. १५ जानेवारीचा पगार चाळीस हजारांहून अधिक तटरक्षकांना मिळाला नाही. सरकार अडले म्हणून सैनिकाचा पगार थांबण्याची तेथील ही पहिलीच वेळ, असे त्या दलाच्या प्रमुखांनीच तेव्हा कळवले होते. बोटी मात्र रोज समुद्रात जात होत्या. बुडणाऱ्याला 'मंजुरी येईपर्यंत थांब' असे कोणी सांगत नाही.

मुलीच्या शेजारणीचा नवरा याच दलात होता. घरात दोन लहान मुले. माझ्या मुलीने पाकिटात काही पैसे घालून नेले, ते त्या बाईने हात जोडून परत केले. दुसऱ्या दिवशी मुलीने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी डब्यात भरून दिली, ती मात्र तिने घेतली. तीन दिवसांनी डबा परत आला तो भरून, घरी भाजलेल्या केकचे तुकडे घालून. मुलगी म्हणाली, "अण्णा, बघा. यांच्यातही डबा रिकामा परत करत नाहीत."

बोलता बोलता कळले की त्या घरचे भाडे एका संस्थेच्या मदतीने भरले गेले होते. 'कोस्ट गार्ड म्युच्युअल असिस्टन्स' हे तिचे नाव. परस्पर साहाय्य हा त्याचा अर्थ. १९२४ पासून ती चालू आहे. तटरक्षक स्वतःच तिच्यात पैसे घालतात आणि अडचण आलेल्या घराला त्यातून बिनव्याजी कर्ज किंवा मदत मिळते. त्या जानेवारीत बाहेरूनही मदत आली. सैनिकांच्या विम्याचा व्यवसाय करणाऱ्या यूएसएए या संस्थेने दीड कोटी डॉलर दिले, पण वाटप याच संस्थेच्या हातून झाले. शेजारीण हे सारे मान खाली न घालता सांगत होती. मला प्रश्न पडला, आमचे पाकीट नको आणि संस्थेचे कर्ज चालते, हे कसे?

सज्जनहो, गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याने आपल्यावर उपकार केलेला नाही अशाला, योग्य देशी, योग्य काळी, केवळ कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक. परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने, कष्टी मनाने दिलेले ते राजस. अवेळी, अपात्री, अवमान करून दिलेले ते तामस. आता रक्षणकर्त्याला दिलेले यांपैकी कोणत्या प्रकारात बसवायचे? त्याने तर आधीच आपल्यावर उपकार केला आहे, म्हणजे सात्त्विक दानाचे पहिलेच लक्षण येथे लागू होत नाही. उपकारकर्त्याला दिलेले हे दान नव्हेच, ते देणे आहे. वाण्याची उधारी चुकती करताना 'मी दान केले' असे आपण म्हणत नाही.

यावर कोणी म्हणेल, त्याला पगार मिळतो, मग देणे उरले कुठे? पगार कामाच्या तासांचा असतो, वादळात पुढे घातलेल्या जिवाचा नसतो. आणि त्या जानेवारीत तर पगारही नव्हता. ३५ दिवसांनी, २५ जानेवारीला, तिढा सुटला आणि थकलेले पैसे मिळाले हे खरे. पण घरमालक महिन्याची तारीख पाहतो आणि लेकरू तर तारीखही पाहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. राज्याने बुडवलेले देणे लोकांनी वर्गणी काढून भरले, तर बुडवणारा निवांत होतो. मग मदत करणे हा दोष नव्हे काय? येथे मला दामाजीपंत आठवतात. मंगळवेढ्याची कोठारे भरलेली होती आणि प्रजा उपाशी होती. पंतांनी कोठारे उघडली. पुढे बेदरच्या बादशहाकडे पांडुरंग विठू महाराच्या रूपाने गेला आणि धान्याचे पैसे भरून आला. ही कथा सांगताना आम्ही कीर्तनकार देवाच्या धावून येण्यावर रंगतो. पण देवाने आणखी एक काम केले, पैशांची पावती घेतली. भूक आधी भागवायची आणि हिशेबही सोडायचा नाही. मदत करणाऱ्याने देणेकऱ्याचे नाव पुसू नये, एवढे पथ्य पाळले की आक्षेप उरत नाही.

आता पाकीट आणि कर्ज यांतला फरक. आमच्या पाकिटात देणारा वर होता आणि घेणारा खाली. त्या संस्थेत तसे नव्हते. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, देवाने त्या एकत्र कालवल्या, आणि मग कोणता घास कोणाच्या घरचा हे कोणी विचारले नाही. सप्ताहाच्या शेवटी आपण काला करतो तो याचसाठी. आज ज्याने घातले तो उद्या घेईल, आज घेणारा उद्या घालील. काल्यात याचक नसतो. केकचे तुकडे घालून डबा परत आला, तेव्हा त्या बाईनेही आमच्याशी कालाच केला.

हे लिहिताना माझा एक अपराध सांगितला पाहिजे. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात, काल्याच्याच दिवशी, वीरमरण आलेल्या जवानाच्या पत्नीला मी व्यासपीठावर बोलावले. जमलेली रक्कम मोठ्याने सांगितली, देणाऱ्यांची नावे वाचली आणि थैली तिच्या हाती दिली. टाळ्या झाल्या. पुढच्या वर्षी ती कीर्तनाला आली नाही. तिचे शब्द मागाहून माझ्या कानी आले : "महाराजांनी माझ्या धन्याची किंमत माइकवरून सांगितली." तेव्हा मला राग आला होता. न्यू जर्सीत तो डबा पाहिला आणि राग उतरला.

आपल्याही किनाऱ्यावर तटरक्षक दल आहे. १९७८ च्या कायद्याने त्याची रीतसर स्थापना झाली. 'वयम् रक्षामः', म्हणजे 'आम्ही रक्षण करतो', हे त्याचे ब्रीद आहे. त्यांच्या घरच्या स्त्रिया 'तटरक्षिका' या संस्थेतून एकमेकींना आधार देतात. आम्ही देशावरचे माळकरी म्हणतो, आमचा समुद्राशी काय संबंध? पण आपल्या ताटातले मीठ समुद्राचेच असते, आणि खाल्ल्या मिठाला जागावे हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. अशा घरांसाठी काही करावेसे वाटले तर जरूर करावे. मात्र ते देणे समजून करावे, नाव न वाचता करावे, आणि त्या घरून काही आले तर नाही म्हणू नये.

गेल्या कार्तिकीनंतर मी त्या बाईंच्या घरी गेलो. मुद्दाम रिकाम्या हाताने गेलो. क्षमा मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने आत गेल्या आणि परसातले चार पेरू आणून माझ्या पिशवीत घातले. मी ते घेतले.