जोहोरचं उत्तर

सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या पूर्वेकडच्या तोंडाशी पेद्रा ब्रांका नावाचा ग्रॅनाइटचा खडक आहे. लांबी जेमतेम १३७ मीटर. त्यावर १८५१ पासून हॉर्सबर्ग दीपगृह उभं आहे. १९७९ मध्ये मलेशियाने नकाशात तो आपल्या हद्दीत दाखवला आणि वाद पेटला. २००८ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ विरुद्ध ४ मतांनी खडक सिंगापूरला दिला.

त्या निकालपत्रातल्या एका पत्रव्यवहारापाशी मी दरवेळी थबकतो. जून १९५३ मध्ये सिंगापूरच्या वसाहत सचिवालयाने, आज मलेशियात असलेल्या जोहोर राज्याकडे विचारणा केली: आम्हाला आमची सागरी हद्द ठरवायची आहे, या खडकाबाबत तुमच्या दप्तरी काय आहे? सप्टेंबरात जोहोरच्या प्रभारी राज्य सचिवांचं उत्तर आलं. जोहोर सरकार पेद्रा ब्रांकावर मालकी सांगत नाही, एवढंच. कोणती जुनी कागदपत्रं चाळली, कोणाला विचारलं, याचा पत्रात मागमूस नाही. पंचावन्न वर्षांनी न्यायाधीशांनी त्या एका वाक्याला मोठं वजन दिलं.

जे लिहिलं त्याला वजन, तसंच जे लिहिलं नाही त्यालाही. १९६८ मध्ये मलेशियाने पुलाऊ पिसांग बेटावरच्या दीपगृहावरून सिंगापूरचा झेंडा उतरवायला लावला, पण पेद्रा ब्रांकावरच्या झेंड्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तेही न्यायालयाने मोजलं. उलट, दीपगृहासाठी जागा मागताना ब्रिटिश गव्हर्नर बटरवर्थ यांनी १८४४ मध्ये जोहोरचे सुलतान आणि तेमेंगोंग (तिथले बडे सरदार) यांना पाठवलेली पत्रं सापडतच नाहीत. त्यांची उत्तरं तेवढी उरली. नेमकं कोणतं बेट मागितलं होतं, हा प्रश्न तिथेच खुंटतो.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात ते ओरांग लाउत, या पाण्यात होड्यांवर जगणारे लोक. हा खडक मुळात जोहोरच्या सुलतानाचा होता, हे न्यायालयाने मानलं ते बऱ्याच अंशी या लोकांच्या त्याच्यावरच्या निष्ठेवरून. पण ती निष्ठा न्यायालयापर्यंत पोचली ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या लेखणीतून. ज्यांचं जगणं पुरावा ठरलं, त्यांच्या हातचा एकही कागद त्या पुराव्यात नाही. दप्तरांवर विसंबणाऱ्या इतिहासाची ही उणीव मला कोणत्याही हरवलेल्या पत्रापेक्षा मोठी वाटते.

२०१७ मध्ये मलेशिया लंडनच्या दप्तरखान्यात नव्याने सापडलेले कागद घेऊन फेरविचारासाठी पुन्हा हेगला गेला. पुढच्याच वर्षी, सुनावणीआधी, त्याने अर्ज मागे घेतला.