वेतन घटले, म्हणजे मान घटला काय ?



बिडकीनच्या एका वस्तीत रविवारची बुद्धवंदना आटोपली आणि तरुण मंडळी ओट्यावर बोलत बसली. विषय निघाला क्रिकेटचा. 2025 च्या नोव्हेंबरात रवींद्र जडेजा चेन्नईचा संघ सोडून राजस्थानच्या संघात गेला, आणि त्याचे एका हंगामाचे मानधन 18 कोटींवरून 14 कोटींवर आले. एक जण म्हणाला, "चार कोटी कमी झाले. केवढा हा अपमान !" दुसरा कंत्राटी कामावर जाणारा. तो म्हणाला, "आमचे चारशे कापले तर त्याची बातमी होत नाही."

सारे हसले. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याला फार मिळते त्याला 'थोडे कमी घे' असे म्हणणे न्यायाचे आहे काय ? आणि असल्यास ते कोणत्या रीतीने म्हणावे ?

आधी व्यवहार पाहू. या स्पर्धेत संघाने खेळाडूंवर किती खर्च करावा याला मर्यादा आहे. 2026 च्या हंगामासाठी ती 125 कोटी ठरली. म्हणजे पिशवी एक आणि हात पुष्कळ. एकाने मूठभर अधिक घेतले की दुसऱ्याच्या वाट्याला तेवढे कमी येते. 2022 साली चेन्नईने जडेजाला 16 कोटी दिले आणि वर्षानुवर्षे संघनायक असलेल्या धोनीने 12 कोटी घेतले. म्हणून धोनीचा मान कमी झाला काय ? 2025 साली आपल्या संगमनेर तालुक्यात जन्मलेला अजिंक्य रहाणे दीड कोटीवर कोलकात्याचा संघनायक होता. त्याच्या हाताखाली खेळणाऱ्या वेंकटेश अय्यरचे मोल होते पावणेचोवीस कोटी. पुढच्याच लिलावात त्याच अय्यरला बंगलोरने 7 कोटींना घेतले. माणूस तोच, बाजार बदलला. बाजारभाव हे माणसाचे माप नव्हे, याहून स्पष्ट दाखला कोणता हवा ?

मग ज्याचा पगार मोठा त्याचा कापा, असा सोपा निवाडा करावा काय ? येथे थांबून विचार केला पाहिजे. 1937 साली मुंबई विधानसभेत मंत्र्यांचे वेतन दरमहा 500 रुपये ठेवण्याचे विधेयक आले. त्यागाचा मोठा गाजावाजा झाला. बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. राहणीमान, कार्यक्षमता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता या चार कसोट्यांवर वेतन ठरले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. आकडा लहान केला की नीती आपोआप मोठी होत नाही, हा त्यातला बोध.

आणि आपल्याला तर हे सांगण्याची गरजच नाही. आपल्या आज्या-पणज्यांशी कोणी वाटाघाट केली होती ? येसकर पाळी, रात्री-अपरात्री सांगावे, ओरडून मागितलेली भाकरी : देणारा ठरवी आणि घेणारा मान खाली घालून घेई. महार वतनाच्या याच गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. 'नाही, मला हे परवडत नाही' असे म्हणता येणे ही स्वातंत्र्याची पहिली खूण आहे. म्हणून कोट्यधीश खेळाडूलाही समोर बसवून, कारण सांगून, त्याची संमती घेऊनच वेतन कमी केले पाहिजे. त्याला नाही म्हणण्याचा हक्क आहे. तो हक्क जर त्याला असेल, तर चारशे रुपये कापले गेलेल्या त्या कंत्राटी पोरालाही तो असलाच पाहिजे. अन्याय नेमका येथे आहे : ज्याला पुष्कळ आहे त्याला विचारतात आणि ज्याला थोडे आहे त्याचे न विचारता कापतात.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी. यावरून वेतन कमी करा म्हणणाऱ्याला तीन प्रश्न विचारता येतात. कपात वरून सुरू होते की खालून ? दिलेले कारण खरे आहे काय ? वाचलेला पैसा कोणाच्या हाती जातो ? जडेजाचे कमी झालेले चार कोटी म्हणजे 2025-26 च्या रोजगार हमीच्या 312 रुपये दराने सव्वा लाखाहून अधिक दिवसांची मजुरी. तो पैसा धडपडणाऱ्या नव्या खेळाडूकडे गेला तर कपातीला अर्थ आहे. मालकाच्या तिजोरीतच राहिला तर तो केवळ सौदा.

आणि घेणाऱ्याने काय करावे ? शरीर अनित्य आहे. गोलंदाजाचा खांदा पस्तिशीनंतर सांगून जातो. आकड्याला जो 'मी' म्हणतो, त्याचा 'मी' दर लिलावात विकला जातो. हीच तृष्णा.

आपल्या घरात जडेजा नाही. पण बँकेत, शाळेत, कचेरीत चांगल्या पगारावर पोहोचलेली आपली मुले आहेत, आणि त्याच कचेरीत झाडू मारणारा आपलाच भाऊ कंत्राटावर आहे. नागपूरच्या दीक्षेनंतर दुसऱ्याच दिवशी, 15 ऑक्टोबर 1956 रोजी, बाबासाहेबांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. तीही कपातच होती. पण कोणी लादलेली नव्हे, आपल्या हाताने केलेली. मान घटला नाही. त्याच दिवसांपासून तो वाढत गेला.

पुढच्या पगाराच्या दिवशी हा हिशेब घरात सर्वांनी मिळून करावा.

जयभीम.