नको ते काढून टाका

‘ताई, स्लो झालाय. नको ते काढून टाका.’ शहापूरला हे वाक्य ऐकू येतं, मुरबाडला बसते त्या दोन दिवसांतही ऐकू येतं. डोळखांब किंवा टोकावड्याहून आलेला माणूस लॅपटॉप ठेवतो, परतीच्या एसटीची वेळ सांगतो आणि बाजारात निघून जातो. ‘नको ते’ म्हणजे कुठलं, हे ठरवायचं काम माझ्यावर पडतं. पैसे मात्र फक्त साफसफाईचे मिळतात.

आधी मशीनबद्दल. स्वस्त लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा ३२ जीबी स्टोरेज असतं, तेही बोर्डावरच डकवलेल्या चिपमध्ये. त्यामुळे ‘एसएसडी टाका’ हा सल्ला तिथे लागू होत नाही. विंडोज आत आलं की निम्मी जागा जाते. २०१९पासून तर नव्या मशीनवर विंडोज अपडेटसाठी म्हणून सुमारे ७ जीबी वेगळे राखून ठेवायला लागलं. रॅम ४ जीबी. ती कमी पडली की मशीन त्याच भरलेल्या डिस्कवर पसारा मांडतं, आणि अशा चिपमध्ये मोकळी जागा संपत आली की लिहिण्याचा वेगही पडतो. म्हणजे लोक ‘मी जास्त भरलं का?’ असं ओशाळून विचारतात, तेव्हा त्यांचा वाटा फार थोडा असतो.

मशीनने स्वतःसाठी केलेला कचरा काढताना मला काही वाटत नाही. टेम्पररी फायली, जुन्या अपडेटचे अवशेष, हे सगळं बिनधास्त उडवते. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज. तुम्हीही करू शकता. प्रश्न त्यानंतर सुरू होतो. अजून ४ जीबी हवे असतात आणि उरलेलं सगळं माणसाचं असतं.

इथे सगळे एकच युक्ती सांगतात: साइजनुसार लावा, वरचं उडवा. एका ठाकर मुलाच्या लॅपटॉपवर अशी यादी लावली, तर सगळ्यात वर एक व्हिडिओ आला. नाव म्हणजे नुसते आकडे. तो उघडू की नको? उघडला तर दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं होतं. न उघडता उडवला तर काय मारलं तेही कळत नाही. मी मुलाला फोन करून बाजारातून परत बोलावलं. व्हिडिओत त्याचे आजोबा शेताच्या कडेने चालत होते. हा दगड, हे मोहाचं झाड, इथपर्यंत आपलं, असं बोलत. घरच्यांचा वनहक्काचा दावा होता. त्या कायद्यात जमीन १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं, आणि पुराव्यांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. व्हिडिओ म्हणजे काही लेखी जबाब नव्हे. आणि आजोबा तर दावेदाराच्याच घरातले. तरी मुलगा म्हणाला, ‘हा नको उडवू.’ मग त्याने स्वतः दोन गेम उडवले.

नको-हवंचा निर्णय परस्पर घेतला गेला की काय होतं, याचं मोठं उदाहरण ऑक्टोबर २०१८चं आहे. विंडोज १०चं एक अपडेट आलं आणि काही लोकांच्या खऱ्या फायली गेल्या. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या जागी वळवले होते, त्यांची जुनी जागा अपडेटने रिकामी, दुहेरी समजून साफ केली. तिथे अजून फायली होत्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांत ते अपडेट थांबवलं आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिलं. कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण ‘दुहेरी’ हा शब्द कुणाच्या बाजूने उच्चारला गेला, एवढं पाहा.

‘क्लाउडवर टाका ना,’ असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. गुगलचे फुकटचे १५ जीबी मेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांना मिळून आहेत, आणि फोटो अमर्याद ठेवायची सोय १ जून २०२१ला संपली. वाडीवर नेटवर्क टेकडीवर जाऊन मिळतं. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला विसरायचं काय हे कधी ठरवावंच लागत नाही. बाकीच्यांना ते दर अपडेटला ठरवावं लागतं. शहापूरकरांना हे नवं नाही. तानसा आणि भातसाचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतो. साठा कुठे आहे आणि तो कुणाचा आहे, हे दोन वेगळे प्रश्न असतात.

यावर मला सुचलेला उपाय गैरसोयीचा आहे. मालक शेजारी बसल्याशिवाय त्याचं स्वतःचं काहीही मी उडवत नाही, आणि डिलीटचं बटण त्यानेच दाबायचं. वेळ दुप्पट लागतो. काहींची एसटी चुकते, काही जण वैतागून दुसऱ्या दुकानात जातात, आणि तिथे दहा मिनिटांत मशीन पळायला लागतं. गेल्या आठवड्यात एका आशाताईंनी तीन वर्षांच्या फोटोंपैकी चौदा उडवले. जेमतेम ६० एमबी सुटले. उरलेल्यांसाठी त्या बुधवारी पेनड्राइव्ह घेऊन येणार आहेत.