गर्भिणी आणि सत्य

ज्यावर आपलें प्रेम आहे त्याला भय वाटेल असें कांहीं सांगूं नये, ही आपल्या कुटुंबांतील रीत फार जुनी आहे; आणि गर्भिणीच्या बाबतींत ती जितक्या कसोशीनें पाळली जाते तितकी दुसऱ्या कोणाच्याहि बाबतींत पाळली जात नसेल. डोहाळजेवण थाटानें होतें, ओटी भरली जाते. मात्र नवव्या महिन्यांत तिच्यासमोर कोणाच्या अडलेल्या बाळंतपणाचा विषय निघाला कीं वडील बायका डोळ्यांनीं दटावतात. या मौनाचा उगम दयेंत आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. तें न्याय्य आहे काय, एवढाच प्रश्न आहे.

आजाऱ्यापासून त्याच्या रोगाचें स्वरूप लपविणारा निदान असें म्हणूं शकतो कीं, वैद्याला तें ठाऊक आहे, तेवढें पुरे. येथें ही सबब चालत नाहीं. शेवटच्या आठवड्यांत जें घडतें त्याची पहिली, आणि पुष्कळदां एकटी, साक्षीदार गर्भिणीच असते. पोट खालीं उतरून श्वास मोकळा होतो, पण लघवीस वारंवार जावें लागतें, पोट मधूनच ताठरतें आणि चार पावलें चालतांच सैल पडतें, रक्ताची छटा असलेला चिकट स्राव दिसतो, पाणमोट फुटते. यांतील स्वाभाविक काय, खोटी कळ कोणती, आणि घर केव्हां सोडावें, हें तिला कोणी सांगावयाचें? खऱ्या कळा नियमानें येतात, त्यांमधील अंतर कमी होत जातें, जोर वाढत जातो आणि विश्रांतीनें त्या थांबत नाहींत. एवढें सांगावयास कितीसा वेळ लागतो!

तारखेचेंहि तसेंच. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून ती काढतात. पण नेमक्या त्या दिवशीं शंभरांत चार-पांचच मुलें जन्मतात. ३७ व्या आठवड्यापासून ४२ व्यापर्यंत केव्हांहि प्रसूति होऊं शकते. हें न सांगितल्यानें तारीख टळतांच घरांत कुजबुज सुरू होते, आणि आपलेंच कांहीं चुकलें असें त्या बिचारीस वाटूं लागतें.

मौनापेक्षांहि आम्हांस भय वाटतें तें गोड असत्याचें. ‘दिवस भरत आले कीं मूल शांत होतें,’ हें वाक्य कोणत्या घरांत ऐकूं येत नाहीं? तें खरें नाहीं. हालचालीचा प्रकार थोडा बदलल्यासारखा वाटेल. पण हालचाल मंदावली तर तो धोक्याचा इशारा होय, व त्याच वेळीं रुग्णालय गांठलें पाहिजे. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढें ठिपके, चेहऱ्यावर व हातांवर एकाएकीं आलेली सूज, हीं रक्तदाब वाढल्याचीं लक्षणें असूं शकतात. तीं ‘या दिवसांत असें होतेंच’ म्हणून उडवून लावणाऱ्या माणसाचा हेतु कितीहि प्रेमळ असो, परिणाम प्रेमळ होत नाहीं.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें मूल, त्या अवघ्या चौदा वर्षांच्या असतां, दहा दिवसांचें होऊन गेलें. पुढें १८८६ सालीं अमेरिकेंत त्यांनीं वैद्यकाची पदवी घेतली, तेव्हां प्रबंधाचा विषय निवडला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. या ज्ञानाची गरज त्यांना केवळ पुस्तकांतून कळलेली नव्हती.

कोणी म्हणेल, भीतीनेंच अपाय होईल. शेजारणीच्या भयंकर हकीकती सांगाव्या असें आम्ही म्हणत नाहीं; त्या बहुधा सत्यहि नसतात. परंतु न सांगितल्यानें ती निर्भय राहते असें ज्यांना वाटतें, त्यांनीं ती रात्रीं किती वेळ जागी असते हें विचारलेलें नसतें.

सेरीन थॅडियस व डेबोरा मेन यांनीं १९९४ सालीं मातांच्या मृत्यूमागील तीन विलंब दाखवून दिले: जाण्याचें ठरविण्यांतील, पोंचण्यांतील आणि उपचार मिळण्यांतील. पैकीं पहिला विलंब घरांतच घडतो. म्हणून हें सारें तिच्याबरोबर नवऱ्यास आणि सासूसहि सांगितलेलें असावें. रात्रीं दोन वाजतां ‘मूल नेहमीसारखें हलत नाहीं’ असें ती म्हणाली, तर सकाळपर्यंत वाट पाहूं, असें म्हणण्याचा अधिकार घरांत कोणासहि असूं नये.